कनूचा सौदा

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा नेहमीप्रमाणे 'पश्चिमवाहिनी नद्यांची खोरी' असा एखादा विषय देऊन मी मोकळी होणार होते. पण आमच्याच विभागातल्या एका वात्रट विद्यार्थ्याने स्टाफरूमच्या दारात गाठून विचारले, "मॅडम, तुम्ही रजेवर गेलात तेव्हा तिकडे होडी विकत घेतलीत म्हणे! खरं का?" बातमी खरी आहे. आणि ती कॉलेजभर झालीच आहे, तर निदान ती नीट तरी पसरावी, म्हणून हा लेख.

२०२३ साली अभ्यासरजा घेऊन मी सहा महिने अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॉक्सव्हिल गावी, माझ्या मावसबहिणीकडे राहिले. ते गाव मला नवे नव्हते. १९९९ ते २००१ अशी दोन वर्षे मी तिथेच शिकत होते, आणि भूगोलाच्या पुस्तकांइतकाच वेळ तिथल्या नद्यांवर घालवीत होते. खडकाळ पात्रातून फेसाळत, आदळत जाणाऱ्या पाण्याला तिकडे 'व्हाइट वॉटर' म्हणतात, आणि त्या पाण्यातून छोटी होडी हाकत नेणे हा तिथल्या तरुणांचा आवडता खेळ आहे. बावीस वर्षांनी तो खेळ पुन्हा खेळायचा, असे मी जाताना मनाशी ठरवले होते. वय अठ्ठेचाळीस, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि खर्चाची मर्यादा सातशे डॉलर. म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ५७ हजार रुपये. त्याहून एक डॉलर जास्त खर्च केला तर परतीच्या वाटेवर मुलासाठी काही नेता येणार नव्हते, हे त्याने मला निघतानाच ऐकवले होते.

प्रथम एक घोळ मिटवू. कयाक वेगळी आणि कनू वेगळी. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचे, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात आणि होडीचे तोंड बहुतेक बंद असते. कनू वरून उघडी असते, वल्ह्याला एकच पाते असते, आणि खवळलेल्या पाण्यात तिच्यात गुडघे टेकून बसावे लागते. आपले वज्रासन जवळजवळ तेच. एकाच बाजूला वल्हे मारून होडी सरळ नेणे हीच त्यातली पहिली विद्या, आणि ती शिकायला एक उन्हाळा जातो. ऑलिंपिकमध्ये खवळत्या पाण्यातल्या शर्यतीत बायकांना कयाक होती, कनू नव्हती. ती मिळाली टोकियोच्या ऑलिंपिकपासून, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली. त्या शर्यती मी दूरदर्शनसंचासमोर बसून पाहिल्या, आणि खरे तर तेव्हापासूनच माझे चित्त थाऱ्यावर नव्हते.

आता जे इतकी वर्षे कुणाला सांगितले नाही ते सांगते. मी खेळ सोडला तो भारतात परत आले म्हणून, असेच मी सगळ्यांना सांगत आले. तसे नव्हते. मे २००१ मध्ये नॅन्टाहाला नदीवर माझी कनू उलटली. पाणी जेमतेम कमरेइतके होते. अशा वेळी माणूस जे सहज करील तेच मी केले. उभी राहायला गेले. वाहत्या पाण्यात नेमके हेच करायचे नसते. पाऊल तळाच्या दोन दगडांमध्ये अडकले, मागून पाण्याचा लोंढा पाठीवर बसला आणि मी तोंडावर खाली दाबली गेले. बरोबरच्या मुलाने मागून जॅकेट धरून ओढले नसते तर हा लेख झाला नसता. सारा प्रकार फार तर वीस सेकंदांचा. त्यानंतर तीन महिने मी तिथेच होते, पण एकदाही होडीत बसले नाही. अभ्यास आहे, प्रबंध आहे, असे सांगत राहिले. ऑगस्टमध्ये विमानात बसले तेव्हा सुटल्यासारखे वाटले, आणि त्या सुटल्यासारखे वाटण्याची लाज पुढे बावीस वर्षे वाटत राहिली.

असो. सौद्याकडे वळू.

पहिला प्रश्न, सातशे डॉलरमध्ये काय येते? खवळत्या पाण्यासाठी बनवलेली नवी एकट्याची कनू दोन हजार डॉलरच्या आसपास सुरू होते, तेव्हा नवी होडी हा विषयच नव्हता. जुनी घ्यायची. पण सगळेच जुने घ्यायचे नाही. तरंगते जॅकेट आणि शिरस्त्राण या दोन वस्तू मी नव्या घेतल्या. जॅकेटमधला फोम वर्षानुवर्षांच्या वापराने व उन्हाने दबतो आणि तरंगवण्याची शक्ती कमी होते. शिरस्त्राणाला आत तडा गेलेला असला तरी बाहेरून दिसेलच असे नाही. जॅकेटचे १२० आणि शिरस्त्राणाचे ६० डॉलर गेले. वल्हे जुने चालते, ते ४५ डॉलरला मिळाले. होडीसाठी ४७५ उरले. पैसे कमी असले की माणूस आधी होडी घेतो आणि उरलेल्या पैशांत जीव वाचवणारी वस्तू बसवतो. हा क्रम उलटा हवा, एवढे माझ्या अनुभवावरून ठामपणे सांगते.

दुसरा प्रश्न, होडी कशाची बनलेली असावी? इथे जरा थांबावे लागेल, कारण जुन्या बाजारात खरा फरक इथेच पडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने अॅल्युमिनियमच्या कनू काढल्या आणि त्या घरोघर गेल्या. आजही त्या स्वस्तात मिळतात आणि संथ पाण्यावर अजून एक पिढी काढतील. पण अॅल्युमिनियम खडकावरून घसरत नाही, खडकाला चिकटते, आणि प्रत्येक दगडावर परातीवर लाटणे आपटल्यासारखा आवाज होतो. फायबर ग्लास वजनाला हलके आणि वेगाला चांगले, म्हणून शर्यतीतल्या होड्या त्याच जातीच्या पदार्थांच्या असतात. खडकावर मात्र ते फुटते, आणि शिकाऊ माणूस खडकावर आपटणारच. पॉलिएथिलीन, म्हणजे आपल्या पाण्याच्या टाकीचे प्लास्टिक, भलतेच चिवट असते. पण ते जड असते आणि त्याला डिंक धड चिकटत नाही. आतली सारी बैठक बोल्ट मारून बसवावी लागते.

या सगळ्यांत जुन्याजाणत्यांचा जीव ज्यावर आहे तो पदार्थ म्हणजे रॉयलेक्स. मध्ये एबीएस प्लास्टिकचा फेसाळ गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना त्याच प्लास्टिकचा घट्ट थर, आणि सर्वांत बाहेर व्हिनिलची पातळ कातडी. तिकडचे लोक याला सँडविच म्हणतात. मला ती पुरणपोळी वाटते. गंमत अशी की रॉयलेक्सला स्वतःचा आकार आठवतो. पाण्याच्या जोराने खडकाभोवती कागदासारखी गुंडाळली गेलेली होडी ओढून काढावी, चार लाथा घालाव्यात, उन्हात ठेवावी, की ती पुष्कळशी पूर्ववत होते. वजन बेताचे आणि डिंक चांगला धरतो. पण हा पदार्थ बनवणारी कंपनी २०१३ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि २०१४ मध्ये रॉयलेक्सचे उत्पादनच बंद झाले. कनूवाल्यांच्या घरी अक्षरशः सुतक आल्यासारखे झाले होते, असे मला तिकडच्या जुन्या मित्राने सांगितले. पुढे कॅनडातल्या क्वेबेकमधल्या एस्किफ कंपनीने टी-फॉर्मेक्स नावाचा त्याच धर्तीचा पदार्थ काढला आणि तो चांगला आहे. फक्त तो नव्या होड्यांत असतो, आणि नव्या होड्यांची किंमत वर सांगितलीच. म्हणून मध्यमवर्गीय माणसाच्या नशिबी आजही जुनी रॉयलेक्सच येते. याचाच दुसरा अर्थ असा की बाजारातली सर्वांत तरुण रॉयलेक्स होडीसुद्धा आता चांगली वयस्क आहे. तेव्हा ती पाहताना मुलगी पाहायला गेल्यासारखे वरवर न पाहता, डॉक्टरने पाहावे तसे पाहिले पाहिजे.

ते असे. आधी होडी उलटी करून घ्यावी आणि दोन्ही टोकांपाशी, जिथे ती दगडाला घासते तिथे, बोट फिरवावे. रंग गेला असेल तर चिंता नाही, ती फक्त कातडी गेली. त्याखालचा घट्ट थर दिसत असेल तरी चालेल. पण आतला फेस दिसू लागला असेल तर किंमत निम्मी करून मागावी किंवा सरळ नमस्कार करून निघावे. टोकांना राळेत भिजवलेल्या जाड कापडाची थिगळे लावलेली असतात. थिगळ हा दोष नव्हे, पण ते कशासाठी लावले ते विचारावे. मग तळावर सगळीकडे अंगठ्याने दाबत जावे. एखादी जागा मऊ लागली, फुगा धरल्यासारखी, तर आतले थर सुटले आहेत. मग टोकाकडून एक डोळा मिटून तळाच्या रेषेकडे पाहावे, सुतार फळी पाहतो तसे. मध्येच तळ आत चढलेला असेल तर ती होडी कधीकाळी खडकाला गुंडाळली गेली होती आणि पूर्ण सावरली नाही. शेवटी वरची किनार. ती लाकडी असेल तर दिसायला सुंदर, पण टोकांपाशी नखाने टोचून पाहावे, कारण कूज तिथूनच सुरू होते. शिवाय कडाक्याच्या थंडीत लाकूड आणि रॉयलेक्स सारखे आकसत नाहीत. किनारीचे स्क्रू हिवाळ्याआधी सैल केले नाहीत तर होडीला किनारीपासून खाली चिरा जातात. व्हिनिलची किनार दिसायला सामान्य असते, पण हा ताप देत नाही.

ही तपासणी मला पाठ होती असे समजू नका. यातली निम्मी मी पहिल्याच ठिकाणी शिकले. दीडशे डॉलरला होडी आहे असे कळले, म्हणून भाच्याला घेऊन चाळीस मैल गेले. होडी लाल, देखणी, लाकडी किनारीची. मी भाळले. मालक भला गृहस्थ होता. ती त्याच्या सासऱ्यांची होती आणि त्याला त्यातले काही कळत नव्हते. भाच्याने सहज किनारीला धरून उचलायला घेतली तर किनारीचा वीतभर तुकडा त्याच्या हातात आला. "मावशी, हे तर रस्क टोस्ट आहे!" असे तो मराठीत म्हणाला म्हणून बरे.

तिसरा प्रश्न आकाराचा. आणि इथे पैशाचा संबंध कमी, स्वतःशी खरे बोलण्याचा जास्त.

कनूचा तळ पुढून मागे सरळ असेल तर ती रेघेत जाते. केळ्यासारखा बाक असेल तर ती चटकन वळते. खडकांतून जायचे तर बाक हवाच. आडव्या छेदात पाहिले तर काही तळ सपाट असतात, काही गोलसर. सपाट तळाची होडी किनाऱ्यावरच्या शांत पाण्यात ओट्यासारखी स्थिर वाटते आणि विकणारा तेच दाखवतो. पण लाटेने तिला एका मर्यादेपलीकडे कलंडवले की ती एकदम जाते, आधी सूचना देत नाही. गोलसर तळाची होडी बसल्या क्षणापासून डुचमळते, नवख्याला धडकी भरते, पण ती कलंडत कलंडत बराच वेळ तुम्हाला सावरायची संधी देते. माणसांतही हे दोन प्रकार असतात, स्टाफरूममध्येसुद्धा. पण तो विषय वेगळा. आपल्या कोकणातल्या छोट्या होड्यांना बाजूला उलांडी बांधून हा प्रश्न सोडवलेला असतो. खडकांच्या गर्दीत उलांडी कुठे अडकेल याचा नेम नाही, म्हणून तिथे तो मार्ग बंद.

याखेरीज तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथली कड. ती कोनासारखी धारदार असेल तर होडी त्या धारेवर कलवून पाणी कापता येते आणि वळण झोकात घेता येते. पण तीच धार खडकाआडच्या उलट्या प्रवाहात शिरताना चुकीच्या बाजूला गेली तर पाणी तिला पकडते आणि क्षणात तुम्ही पाण्याखाली. कड गोल असेल तर झोक कमी, पण चूक माफ होते.

लांबीचेही तसेच. सत्तरच्या दशकात पंधरा-सोळा फुटी होड्याच लोक खळाळांतून नेत. पुढे त्या आखूड होत गेल्या आणि आता नऊ फुटांच्या आसपासच्याही मिळतात. आखूड होडी भिंगरीसारखी फिरते, उचलायला हलकी असते, पण संथ टप्प्यात मेहनत घेते आणि तिच्यात पाणी लवकर येते. लांब होडी कोरडी राहते, वेग धरते आणि वळायला वेळ लावते.

माझ्या विद्यार्थिदशेतली होडी होती डॅगर कंपनीची 'ओकोई'. टेनेसीतल्याच एका नदीचे नाव तिला दिलेले. अकरा फुटांच्या आसपास, धारदार कडांची, जाणकाराच्या हातात नाचणारी. डॅगर आता फक्त कयाकच बनवते, पण तिच्या जुन्या कनू अजून हातोहात जातात. मला दुसऱ्या ठिकाणी नेमकी तीच मिळाली. रंगही तोच जांभळा. ४२५ डॉलर, तपासणीत उत्तम उतरलेली. खिशात पैसे होते. मालकीण माझ्याच वयाची, खेळातली जुनी. तिने मला तिच्या घराजवळच्या तळ्यावर होडी घालून बघायला सांगितले. मी गुडघे टेकून बसले, पंचविशीतली आठवण म्हणून होडी एका कडेवर कलवली, आणि स्वच्छ उन्हात, वाऱ्याची झुळूक नसताना, थेट पाण्यात गेले.

मालकीण हसली नाही. टॉवेल देत तिने विचारले, की किती वर्षांनी बसते आहेस आणि पुढच्या महिन्यात कुठल्या नदीवर जायचा विचार आहे? मी खरे ते सांगितले. नॅन्टाहालावरचेही सांगितले. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितले ते एका अनोळखी बाईला, ओल्या कपड्यांत. ती म्हणाली, "मग ही होडी मी तुला विकणार नाही." मला राग आला. परतताना गाडीत भाच्याशीसुद्धा बोलले नाही. पण रात्री नीट विचार केला तेव्हा लक्षात आले की मी होडी शोधत नव्हते. मी पंचविसावे वर्ष शोधत होते, आणि ते ४२५ डॉलरला मिळत नाही.

आठवड्याने त्याच बाईचा फोन आला. तिच्या क्लबातल्या एका निवृत्त शिक्षकाकडे डॅगरचीच 'एन्कोर' होती. तेरा फुटांच्या आसपास, गोलसर कडेची, हिरवी. दिसायला अगदी बाळबोध. तळावर ओरखड्यांचे जाळे, टोकांना थिगळे, पण फेस कुठेही उघडा नाही, मऊ जागा नाही, व्हिनिलची किनार शाबूत. आत बैठक आणि हवेच्या दोन पिशव्या. मागितले ५५० डॉलर. मी आपल्या मंडईतल्या सवयीने चारशेपासून सुरुवात केली. गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले की चारशे पन्नास, पण ही होडी अंगणात शोभेसाठी ठेवायची नाही. सौदा झाला.

हवेच्या पिशव्यांविषयी दोन शब्द. ज्यांना होडीचे काही कळत नाही त्यांना ती चैन वाटते. उघडी कनू पाण्याने भरली तर चार-पाचशे लिटर पाणी सहज घेते. एक लिटर म्हणजे एक किलो. एवढे वजन प्रवाहाच्या वेगाने खडकाकडे निघाले आणि मध्ये तुम्ही असाल तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून होडीच्या पुढच्या आणि मागच्या भागात फुगवलेल्या मोठ्या पिशव्या दोरीने जाळे विणून घट्ट बांधतात. जिथे हवा आहे तिथे पाणी शिरत नाही आणि उलटलेली होडी वर तरंगत राहते. जुनी होडी पिशव्यांसकट मिळत असेल तर थोडी महाग घ्यावी. मात्र पिशव्या फुगवून तास-अर्धा तास ठेवून पाहाव्यात, आणि बांधायच्या दोऱ्या कुजल्या नाहीत ना हेही.

आणि बैठक. होडीच्या मध्ये फोमचा ठोकळा चिकटवलेला असतो आणि त्यावर घोड्यावर बसतात तसे दोन्ही बाजूंना पाय टाकून, गुडघे तळावर टेकून बसायचे. मी त्याला खोगीर म्हणते. मांड्यांवरून पट्टे येतात, म्हणजे होडी आणि माणूस एकजीव होतात. पट्टे असे हवेत की एका हिसक्यात सुटतील. विकत घेण्यापूर्वी घरातल्या गालिच्यावर बसून दहादा सोडून पाहावेत, लोक हसले तरी. खोगीर जितके ठेंगणे तितकी होडी स्थिर आणि तितके गुडघ्यांचे हाल. माझ्या गुडघ्याला ते मानवेना. तेव्हा भाच्याच्या मदतीने एक इंच जाडीचा फोम वर चिकटवला. फोम कापला पाव कापायच्या सुरीने आणि घासला सँडपेपरने. त्या सुरीवरून मावसबहिणीशी दोन दिवस अबोला होता. एका इंचाने डुचमळणे वाढले हे खरे, पण अर्ध्या तासाऐवजी दोन तास बसता येऊ लागले. वीस मिनिटांत पाय बधिर होणारा माणूस कितीही स्थिर होडीत बसला तरी वेळेवर बाहेर पडू शकत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे हा व्यवहार तोट्याचा नाही. डिंक आणि फोमचे तीस डॉलर झाले. एकूण हिशेब ७०५. पाच डॉलर वर गेले, ते मी मुलाला सांगितलेले नाहीत.

पहिले तीन रविवार हायवासी नदीवर गेले. ती टेनेसीतच आहे. वीजघराखालून आठ-नऊ किलोमीटर सौम्य खळाळांची नदी, शिकणाऱ्यांसाठी जणू मुद्दाम केलेली. नद्यांच्या अवघडपणाच्या पहिली ते सहावी अशा सहा श्रेण्या मानतात. हायवासीचा हा टप्पा पहिली-दुसरीतला. हात आठवत होते. मला जे आठवत नव्हते ते मनगटाने परस्पर केले. दोनदा उलटले, दोन्ही वेळा संथ पाण्यात.

नॅन्टाहाला उत्तर कॅरोलिनात आहे. नाव चेरोकी लोकांचे, अर्थ 'माध्यान्हीच्या सूर्याचा प्रदेश'. दरी इतकी खोल आणि अरुंद की ऊन तळाशी पोहोचते तेच दुपारी. तिचेही पाणी वीजघरातून येते. वर डोंगरात १९४२ साली बांधलेल्या धरणाचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून खाली आणतात, त्यावर वीज करतात आणि मग ते नदीत सोडतात. वीज चालू तर नदी चालू. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेवर तराफ्याची सफर करून आलेल्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटेल. मुळशीच्या तलावाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येते, त्याच सोडलेल्या पाण्यावर कोलाडचे तराफे चालतात. ज्या मुळशी धरणासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचे हे पाणी. फरक एवढाच की कुंडलिकेचे पाणी अंगाला बरे वाटते आणि नॅन्टाहालाचे भर उन्हाळ्यात हाडे गोठवते, कारण ते खोल तलावाच्या पोटातले असते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी तिथे गेले. बरोबर 'ओकोई'ची मालकीण आणि क्लबातले आणखी तिघे. सुरुवातीलाच पॅटन्स रन नावाचे खळाळते वळण आहे. प्रवाह तुम्हाला बाहेरच्या अंगाच्या खडकाकडे ढकलतो, तुम्ही आतल्या अंगाला राहायचे. मी ते नीट पार केले आणि आनंदाच्या भरात खालच्या लाटेकडे दुर्लक्ष केले. उलटले. गार पाण्याने श्वास बंद झाला. पाय खाली दगडांना लागले. मला स्पष्ट आठवते, पायांना उभे राहायचे होते. सगळे शरीर म्हणत होते, उभी राहा, पाणी उथळ आहे. मी पाठीवर झाले, पावले पाण्याबाहेर काढून प्रवाहाच्या दिशेने केली, वल्हे सोडले नाही, आणि तशीच वाहत गेले. शंभर-दीडशे फूट असेल. मग एका मोठ्या खडकामागच्या उलट्या पाण्यात हात मारत शिरले आणि पाणी शांत, गुडघ्याखाली आल्यावरच उभी राहिले. हिरवी होडी पिशव्यांच्या जोरावर तळ वर करून माझ्या पुढे तरंगत होती. एकाने ती काठाला लावली. तिच्यात दहा बालद्या पाणीसुद्धा नव्हते.

थंडीने दात वाजत होते, त्यामुळे मी रडले की नाही ते कुणाला कळले नसावे.

शेवटी जो नॅन्टाहालाचा धबधबा म्हणतात, तिसऱ्या श्रेणीचा, तो मी केला नाही. आधीच काठाला लागले आणि होडी खांद्यावर घेऊन रस्त्याने चालत गेले. होडीचे वजन पंचवीस किलोच्या आसपास. होडी निवडताना, ती आपल्याला एकटीला किती अंतर उचलून नेता येते, हे मालकाच्या अंगणातच करून पाहावे, हा मुद्दा वर सांगायचा राहिला होता.

विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांनी, हा खेळ इथे करता येईल का, असे विचारले आहे. कनू इथे मिळणे कठीण, आणि बाहेरून आणायची तर होडीहून वाहतूक महाग पडेल. कयाक मात्र मिळते, आणि वळायला, वाचायला पाणी तेच असते. केरळात कोझिकोडजवळ २०१३ पासून मलबार नदी महोत्सव भरतो, तिथे कयाकच्या शर्यती होतात. अहिल्याबाईंच्या महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेवर २०२३ च्या आरंभी खेलो इंडियाच्या स्पर्धेत या प्रकारच्या शर्यती झाल्या. कुणाला पुढे जायचे असेल तर मला विभागात येऊन भेटावे. पोहणे येत नसेल तर आधी ते शिकून यावे.

होडी मावसबहिणीच्या गॅरेजमध्ये छताला उलटी टांगून ठेवली आहे. तिच्या यजमानांची गाडी तेव्हापासून बाहेर उभी असते. उन्हाळा लागण्यापूर्वी पिशव्यांतली हवा थोडी कमी कर, उकाड्याने फुगून शिवण जाईल, असे भाच्याला गेल्या रविवारी फोनवर सांगितले. तो म्हणाला, "मावशी, हवा मी कधीच कमी केली. मे महिन्यात मी तिला हायवासीवर नेतोय." माझी परवानगी त्याने विचारली नव्हती. मी त्याला पट्टे दहादा सोडून पाहायला सांगितले आहे.